संकेतस्थळाचे अपडेट अडते तेव्हा

शासकीय कार्यालय, शाळा किंवा ग्रामपंचायत यांचे संकेतस्थळ ही आता केवळ शोभेची वस्तू राहिलेली नाही. पूर्वी चावडीवरील फलकावर अथवा कार्यालयाच्या दर्शनी भागात लावण्यात येणाऱ्या सूचना आज संकेतस्थळावरही लागतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने जी माहिती आपण होऊन जाहीर करावयाची असते, ती लोकांपर्यंत पोचविण्याच्या साधनांमध्ये इंटरनेटचाही स्पष्ट उल्लेख आहे. प्रवेशाचे वेळापत्रक, निविदा, ग्रामसभेची सूचना, लाभार्थ्यांची यादी, अर्जाचा नमुना अशा कितीतरी गोष्टींसाठी नागरिक संकेतस्थळाकडे वळतो. ऐन मुदतीच्या दिवशी ते उघडले असता कोरे पांढरे पान दिसावे, याचा अर्थ चावडीवरचा फलकच कोणी उपटून नेला, असा होतो. त्यात खरी गैरसोय होते ती एका दिवसाची मजुरी बुडवून सेवा केंद्रावर आलेल्या पालकाची.

असा प्रसंग ओढवण्याचे कारण पुष्कळदा अगदी साधे असते. संकेतस्थळाला जोडलेल्या एखाद्या लहानशा कार्यक्रमाचे अद्ययावतीकरण, म्हणजेच अपडेट, अर्धवट राहिलेले असते. एकदा असा अनुभव आला, की संबंधित कर्मचारी पुढे अपडेटला हातच लावीत नाही, आणि वर्षानुवर्षे जुन्याच आवृत्तीवर कारभार चालू राहतो. हा दुसरा धोका पहिल्यापेक्षा मोठा आहे. अपडेट का अडते, अडल्यास कोणत्या क्रमाने शोध घ्यावा, आणि ते अडू नये यासाठी आधी काय करावे, याची माहिती या लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचन नेमके व्हावे म्हणून ‘जूमला’ ही एकच प्रणाली उदाहरणादाखल घेतली आहे. तथापि वर्डप्रेस, द्रुपल यांसारख्या इतर प्रणालींनाही यांतील मूळ तत्त्वे बहुतांशी लागू पडतात.

नाव आणि घडण

संकेतस्थळावरील मजकूर संगणकाची भाषा न शिकता लिहिता, बदलता व काढता यावा यासाठी जी सोय असते, तिला आशय व्यवस्थापन प्रणाली असे म्हणतात. जूमला ही अशा प्रणालींपैकी एक होय. ऑगस्ट २००५ मध्ये ‘माम्बो’ नावाच्या प्रणालीवर काम करणारे कार्यकर्ते तिच्यापासून वेगळे झाले आणि सप्टेंबर २००५ मध्ये त्यांनी जूमलाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. ही प्रणाली कोणालाही विनामूल्य वापरता येते. ‘सर्व मिळून एकत्र’ अशा अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून तिचे नाव घेण्यात आले. त्या शब्दाचे मूळ अरबी आहे. त्याच मुळातून आलेला ‘जुमला’ हा शब्द मराठीतही एकूण बेरीज या अर्थाने रूढ होता. नाव असे आपल्या ओळखीचेच निघते.

आणि ते सार्थही आहे. कारण जूमलावरील संकेतस्थळ म्हणजे अनेक भागांची बेरीजच असते. मधोमध मूळ प्रणाली असते. तिला लागून एक्स्टेन्शने असतात. छायाचित्रांचे दालन, अर्ज भरून घेण्याची सोय, परिपत्रकांचा साठा, कार्यक्रमांची दिनदर्शिका, पानाची मांडणी ठरविणारे टेम्प्लेट, मराठी भाषेचा संच ही सर्व एक्स्टेन्शनेच होत. मूळ प्रणाली एक गट तयार करतो, तर एक्स्टेन्शने जगभरातील निरनिराळ्या व्यक्ती व संस्था तयार करतात. त्यांतील काही विनामूल्य देतात, तर काही वार्षिक वर्गणी घेतात. प्रत्येकाचे अपडेट वेगवेगळ्या वेळी येते, आणि त्यांचा एकमेकांशी मेळ बसेलच असे नाही. बहुतेक अडचणींचे मूळ या रचनेत आहे.

आणखी एक गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे. संकेतस्थळ दोन ठिकाणी साठविलेले असते. प्रणालीच्या व एक्स्टेन्शनांच्या फाइली, तसेच छायाचित्रे सर्व्हरच्या फोल्डरांत असतात. लेख, सूचना, वापरकर्त्यांची नावे आणि सर्व मांडण्या डेटाबेसमध्ये असतात. अपडेट या दोन्ही ठिकाणी बदल करते. एका ठिकाणचा बदल झाला आणि दुसऱ्या ठिकाणचा राहिला, तर संकेतस्थळ अर्धे नवे व अर्धे जुने अशा अवस्थेत अडकते.

न करण्याची किंमत

‘चालते आहे ना, मग कशाला हात लावायचा ?’ हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर दोन घटनांत मिळते. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी द्रुपल या प्रणालीतील एक गंभीर त्रुटी दुरुस्तीसह जाहीर करण्यात आली. दोन आठवड्यांनी, २९ ऑक्टोबर रोजी, त्या प्रणालीच्या सुरक्षा पथकाने निवेदन काढले. पहिल्या घोषणेपासून सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नसेल, त्यांनी आपले संकेतस्थळ घुसखोरांच्या हाती गेले आहे असे समजूनच पुढील उपाय करावेत, असा त्याचा आशय होता. जूमलाच्या बाबतीत १४ डिसेंबर २०१५ रोजी ३.४.६ ही आवृत्ती तातडीने काढावी लागली. १.५ पासून पुढच्या सर्व आवृत्त्यांत असलेल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन हल्ले आधीच सुरू झाले होते. ज्या जुन्या आवृत्त्यांचा सांभाळ बंद झाला होता, त्यांच्यासाठीही तेव्हा स्वतंत्र दुरुस्ती देण्यात आली.

दुरुस्ती प्रसिद्ध होताच मूळ दोष कोठे होता हे जाणकारांना कळते, आणि त्या क्षणापासून न सुधारलेली संकेतस्थळे शोधण्याचे काम यंत्राने, आपोआप, सुरू होते. आपले गाव लहान आहे, आपल्याकडे चोरण्यासारखे काही नाही, हा दिलासा म्हणूनच फोल ठरतो. शोधणारे यंत्र गाव पाहत नाही, आवृत्ती पाहते. घुसखोरी झाली म्हणजे शाळेच्या नावाखाली भलत्याच जाहिरातींची पाने उमटतात, वा येणारा वाचक परस्पर दुसरीकडे वळविला जातो. एक्स्टेन्शनांतील दोषही असेच वापरले जातात. अशा सदोष एक्स्टेन्शनांची यादी जूमलाचे कार्यकर्ते प्रसिद्ध करीत असतात, ती अधूनमधून पाहणे हिताचे आहे.

आपल्या देशात संगणक सुरक्षेच्या घटनांची दखल घेणारी ‘सर्ट-इन’ ही केंद्र शासनाची संस्था २००४ पासून कार्यरत आहे. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, संकेतस्थळात अनधिकृत फेरफार झाल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत ती कळविणे शासकीय संस्थांवरही बंधनकारक आहे. ‘कोणाला कळले नाही, आपण गुपचूप दुरुस्त करू’ असे म्हणण्याची सोय म्हणूनच राहिलेली नाही.

अपडेट कसे घडते

दुरुस्तीला लागण्यापूर्वी ही क्रिया कशी घडते, हे समजून घेणे इष्ट आहे. प्रशासकाने एक बटण दाबले, की पडद्यामागे सहा पायऱ्या क्रमाने पार पडतात.

पहिल्या पायरीवर आपले संकेतस्थळ प्रत्येक एक्स्टेन्शनच्या निर्मात्याने नेमून दिलेल्या पत्त्यावर विचारणा करते. या पत्त्यांना ‘अपडेट साइट्स’ म्हणतात. दुसऱ्या पायरीवर, तेथील आवृत्ती आपल्यापेक्षा नवी आहे काय आणि ती आपल्या जूमलाला व सर्व्हरवरील पीएचपी या भाषेच्या आवृत्तीला चालणारी आहे काय, याची तुलना होते. तिसऱ्या पायरीवर झिप स्वरूपातील गठ्ठा सर्व्हरच्या तात्पुरत्या फोल्डरात उतरविला जातो. चौथ्या पायरीवर तो सोडवून त्यातील फाइली योग्य जागी ठेवल्या जातात. पाचव्या पायरीवर डेटाबेसच्या तक्त्यांत आवश्यक ते फेरबदल होतात. सहाव्या पायरीवर नव्या आवृत्तीची नोंद होऊन तात्पुरत्या फाइली पुसल्या जातात.

अपडेट अडले म्हणजे या सहांपैकी कोणती तरी एक पायरी चुकली. ती कोणती, हे ओळखले की निम्मे काम झाले. ते न ओळखता दिसेल ते बटण दाबत सुटल्यास एका बिघाडाचे तीन बिघाड होतात.

आधीची तयारी

बी पेरण्यापूर्वी जमीन तयार करावी लागते, तसेच अपडेटपूर्वीही काही कामे अनिवार्य आहेत.

पहिले काम बॅकअप घेण्याचे. फाइली आणि डेटाबेस या दोहोंचा बॅकअप त्याच वेळी घ्यावा. तो त्याच सर्व्हरवर न ठेवता कार्यालयातील संगणकावर किंवा अन्य सुरक्षित जागी उतरवून घ्यावा. घर आणि घराचा विमा यांचे कागद एकाच पेटीत ठेवून ती पेटी त्याच घरात ठेवण्यात शहाणपण नाही. बॅकअपवरून संकेतस्थळ खरोखरच उभे राहते किंवा कसे, याची वर्षातून एकदा तरी चाचणी घ्यावी. जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

दुसरे काम चाचणी-प्रत तयार करण्याचे. संकेतस्थळाची नक्कल वेगळ्या, लोकांना न दिसणाऱ्या पत्त्यावर ठेवून अपडेट प्रथम तिच्यावर करून पाहावे. बहुतेक होस्टिंग सेवांत ही सोय असते.

तिसरे, वेळेची निवड. निकाल, प्रवेश किंवा निविदेची अंतिम तारीख जवळ असताना नेहमीचे अपडेट करू नये. मात्र सुरक्षेचे तातडीचे अपडेट याला अपवाद आहे, ते लांबणीवर टाकता येत नाही. अपडेट चालू असताना अन्य कर्मचाऱ्यांनी नवा मजकूर भरू नये, अशी सूचना द्यावी. कारण बॅकअपवर परतण्याची वेळ आली, तर बॅकअपनंतर भरलेला मजकूर नाहीसा होतो.

चौथे, सर्व एक्स्टेन्शनांवर एकदम खूण करून बटण दाबण्याचा मोह टाळावा. एका वेळी एकच घ्यावे, संकेतस्थळाचे पुढचे व प्रशासनाचे पान उघडून पाहावे, आणि मगच दुसरे घ्यावे. यास अर्धा तास अधिक लागतो, पण बिघाड झाल्यास तो कोणामुळे झाला याचा शोध घ्यावा लागत नाही.

अपडेट दिसतच नाही

निर्मात्याने नवी आवृत्ती जाहीर केली, पण आपल्या यादीत ती दिसत नाही, ही तक्रार सर्वांत सामान्य. याची कारणे पहिल्या दोन पायऱ्यांत शोधावीत. जूमला प्रत्येक क्षणी विचारणा करीत नाही. एकदा मिळालेले उत्तर सामान्यतः सहा तास जपून ठेवले जाते. अपडेटच्या पानावरील साठा पुसण्याचे बटण दाबून नव्याने शोध घेतल्यास पुष्कळदा प्रश्न मिटतो. न मिटल्यास ‘अपडेट साइट्स’ची यादी पाहावी. संबंधित पत्ता बंद करून ठेवलेला असेल तर तो चालू करावा. यादीच बिघडली असल्यास ती पुन्हा बांधण्याचे ‘रीबिल्ड’ हे बटण ३.६ आवृत्तीपासून उपलब्ध आहे. निर्मात्याने पत्ता बदलला असेल किंवा काम थांबविले असेल, तर जुन्या पत्त्यावरून उत्तर येणारच नाही. अशा वेळी निर्मात्याच्या स्वतःच्या पानावर जाऊन खातरजमा करावी.

वर्गणी भरून घेतलेल्या एक्स्टेन्शनांच्या बाबतीत एक सांकेतिक किल्ली द्यावी लागते. जूमला ४.० पासून ही किल्ली ‘अपडेट साइट्स’मध्ये नोंदविता येते. ती भरलेली नसेल किंवा वर्गणीची मुदत संपली असेल, तर अपडेट यादीत दिसते, पण उतरत नाही.

गठ्ठा उतरत नाही

किल्ली ठीक असूनही गठ्ठा उतरत नसेल, तर सर्व्हरला बाहेरच्या पत्त्यांशी संपर्क साधण्यास मनाई असण्याची शक्यता असते. सुरक्षेसाठी काही ठिकाणी असे निर्बंध मुद्दाम घातलेले असतात. अशा वेळी नवा गठ्ठा निर्मात्याच्या पानावरून आपल्या संगणकावर घ्यावा आणि प्रशासनातील ‘इन्स्टॉल’च्या पानावरून चढवावा. जूमला तो जुन्या आवृत्तीवरच बसविते आणि मांडण्या कायम राहतात.

येथे एक इशारा ठळकपणे देणे आवश्यक आहे. नवी आवृत्ती बसविण्यापूर्वी जुने एक्स्टेन्शन ‘अनइन्स्टॉल’ करू नये. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीने आपल्या ग्रामसभांची इतिवृत्ते परिपत्रकांच्या एक्स्टेन्शनमध्ये पाच वर्षे जपून ठेवली आहेत. अपडेट होत नाही म्हणून कर्मचाऱ्याने ते काढून पुन्हा बसविले. अनेक एक्स्टेन्शने काढली जाताना आपले डेटाबेसमधील तक्तेही पुसून टाकतात. नवे एक्स्टेन्शन सुरळीत बसेल, परंतु आत एकही इतिवृत्त नसेल, आणि बॅकअप नसेल तर ती परत मिळविण्याचा मार्गही नसेल.

जागा, परवानगी आणि मर्यादा

तिसऱ्या व चौथ्या पायरीवरील अडचणींत तात्पुरत्या फोल्डराचा वाटा मोठा आहे. या फोल्डराचा संपूर्ण मार्ग ‘कॉन्फिगरेशन डॉट पीएचपी’ या फाइलीत लिहिलेला असतो. संकेतस्थळ एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविले, म्हणजे बाकी सर्व चालू राहते, पण हा मार्ग मात्र जुन्याच सर्व्हरचा राहून जातो. लेख दिसतात, नवी सूचना लावता येते, त्यामुळे दोष कोणाच्या ध्यानात येत नाही. कित्येक महिन्यांनी पहिले अपडेट करायला घ्यावे, तेव्हा गठ्ठा ठेवायला जागाच सापडत नाही. उपाय एका ओळीचा आहे : त्या फाइलीत नव्या सर्व्हरवरील योग्य मार्ग लिहावा.

मार्ग बरोबर असेल, तर जागा शिल्लक आहे काय ते पाहावे. जुने बॅकअप सर्व्हरवरच साठत गेल्याने जागा भरून जाते. त्यानंतर लेखनाची परवानगी तपासावी. प्रशासनातील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ या पानावर कोणत्या फोल्डरात लिहिता येते याची यादीच मिळते. सामान्यतः फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ अशी परवानगी असावी. घाईने सर्वत्र ७७७ ही परवानगी देऊन काम भागविण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. तिचा अर्थ कार्यालयाची सर्व दारे रात्रंदिवस सताड उघडी ठेवणे असा आहे. ती कदापि देऊ नये. फाइलींची मालकी वेगळ्या खात्याकडे गेली असल्यास होस्टिंग सेवेकडून ती दुरुस्त करून घ्यावी.

पीएचपीच्या काही मर्यादाही आड येतात. मूळ मांडणीत एका वेळी चढविता येणाऱ्या फाइलीची मर्यादा २ मेगाबाइट, पाठविल्या जाणाऱ्या एकूण मजकुराची ८ मेगाबाइट, वापरावयाच्या स्मृतीची १२८ मेगाबाइट आणि एका कामाला दिलेला अवधी ३० सेकंद असा असतो. मोठ्या एक्स्टेन्शनचा गठ्ठा यात बसत नाही किंवा सोडविता सोडविता वेळ संपते. होस्टिंगच्या नियंत्रण पानावरून या मर्यादा वाढविता येतात. ते शक्य नसेल, तर गठ्ठा आपल्या संगणकावर सोडवून त्याचे फोल्डर सर्व्हरवर चढवावे आणि फोल्डरातून बसविण्याचा पर्याय वापरावा.

डेटाबेस मागे राहतो

पाचव्या पायरीवर वेळ संपली, तर फाइली नव्या आणि तक्ते जुने अशी अवस्था होते. अमुक रकाना सापडत नाही, अशा अर्थाचा संदेश हे त्याचे लक्षण होय. एक्स्टेन्शनांच्या व्यवस्थापनात ‘डेटाबेस’ नावाचे पान आहे. तेथे कोणाचे तक्ते मागे राहिले आहेत ते दिसते आणि त्यांची रचना अद्ययावत करण्याचे बटणही असते. बॅकअप हाताशी ठेवून ते दाबावे. पुष्कळशा प्रकरणांत एवढ्याने भागते.

कोरे पान

सर्वांत घाबरवून सोडणारा बिघाड म्हणजे कोरे पांढरे पान, किंवा ‘५००’ हा आकडा असलेला संदेश. वस्तुतः येथे मजकूर नाहीसा झालेला नसतो. एखादे एक्स्टेन्शन मध्येच अडखळल्याने पान तयार होत नाही, एवढेच. प्रशासनाचे पान उघडत असेल, तर ‘ग्लोबल कॉन्फिगरेशन’मध्ये दोष दाखविण्याची पातळी ‘मॅक्झिमम’ करावी. ते उघडत नसेल, तर हाच बदल कॉन्फिगरेशन फाइलीत करता येतो. पान पुन्हा उघडले, की कोऱ्या पानाऐवजी दोषाचा संदेश येतो आणि त्यात फाइलीचा मार्ग असतो. त्या मार्गातील फोल्डराचे नाव हेच बहुधा दोषी एक्स्टेन्शनचे नाव असते. सर्व्हरच्या दोष-नोंदींतही तीच माहिती मिळते. काम होताच पातळी पूर्ववत करावी, कारण हे संदेश घुसखोरालाही उपयोगी पडतात.

दोषी एक्स्टेन्शन सापडले, की ते प्रशासनातून तात्पुरते बंद करावे. तेथे जाता येत नसेल आणि दोष प्लगइन या प्रकारातील एक्स्टेन्शनचा असेल, तर सर्व्हरवर त्याच्या फोल्डराच्या नावापुढे एखादे अक्षर जोडावे. जूमलाला ते सापडत नाही आणि ते त्याला वगळून पुढे जाते. नाव बदलावे, फोल्डर पुसू नये. संकेतस्थळ उभे राहिले, की शांतपणे त्या एक्स्टेन्शनची योग्य आवृत्ती बसवावी.

कधी कधी संकेतस्थळ चालू असते, पण मांडणी विस्कटते. प्रथम ब्राउझरचा व जूमलाचा साठा पुसून पाहावे. तरीही फरक न पडल्यास, पूर्वी कोणी पानांच्या मांडणीत स्वतंत्र बदल करून ठेवले होते काय याची चौकशी करावी. असे बदल जुन्या रचनेवर आधारलेले असतात आणि नव्या आवृत्तीशी त्यांचा मेळ बसत नाही. जूमला ४.० पासून अशा फाइलींची यादी टेम्प्लेटच्या व्यवस्थापनात मिळते.

साखळीचा प्रश्न

एखादे अपडेट वरील सर्व उपायांनी होत नाही, तेव्हा बिघाड नसून सुसंगतीचा प्रश्न असतो. जूमला ४.० ही आवृत्ती १७ ऑगस्ट २०२१ रोजी आली. तिला किमान पीएचपी ७.२.५ लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ५.० ला पीएचपी ८.१, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ६.० ला ८.३ लागते. तिसऱ्या आवृत्तीचा सांभाळ १७ ऑगस्ट २०२३ रोजी संपला. आता असे पाहा : नव्या एक्स्टेन्शनला नवे पीएचपी हवे, नव्या पीएचपीवर जुने टेम्प्लेट चालत नाही, आणि जुन्या टेम्प्लेटचा निर्माता काम सोडून गेलेला. ही साखळी कोणत्याही एका बटणाने सुटत नाही.

यासाठी क्रम पाळावा. प्रथम सर्व एक्स्टेन्शने, जुन्या व नव्या दोन्ही परिस्थितींत चालतील अशा आवृत्तीवर न्यावीत. ज्यांची अशी आवृत्तीच नाही, त्यांना पर्याय शोधावा किंवा ती काढून टाकावीत. नंतर पीएचपी बदलावे, आणि शेवटी मूळ जूमला. मूळ प्रणालीच्या अपडेटपूर्वी ‘पूर्वतपासणी’ची सोय ३.१० व ४.० पासून उपलब्ध आहे. ती कोणते एक्स्टेन्शन नव्या आवृत्तीला चालेल ते सांगते. निर्मात्याने तशी माहितीच दिली नसेल, तर मात्र चाचणी-प्रतीवर पाहिल्याशिवाय पर्याय नाही. या सर्व अनुभवाचा बोध एकच की, एक्स्टेन्शने जितकी कमी, तितकी निगा सोपी. केवळ हौसेखातर बसविलेले आणि आज कोणी न वापरणारे एक्स्टेन्शनही घुसखोराला दार होऊ शकते.

नोंदवही आणि कार्यभार

येथवर तांत्रिक बाबींचा विचार झाला. परंतु कित्येक ठिकाणी अपडेट अडते ते यंत्रामुळे नव्हे, तर कारभारातील त्रुटीमुळे. संकेतस्थळ तयार करणाऱ्या ठेकेदाराच्या नावे होस्टिंगचे खाते असते, एक्स्टेन्शनची किल्ली त्याच्या वर्गणीतील असते, आणि परवलीचे शब्द बदली होऊन गेलेल्या एका शिक्षकाला तेवढे ठाऊक असतात. ठेका संपला, वर्गणी संपली, आणि संकेतस्थळ होते तेथेच थिजले.

यावर उपाय कार्यालयाला चांगला परिचित आहे. जडसंग्रहाची नोंदवही असते, तशीच संकेतस्थळाचीही असावी. मूळ प्रणालीची व पीएचपीची आवृत्ती, प्रत्येक एक्स्टेन्शनचे नाव, निर्माता, आवृत्ती व वर्गणीची मुदत, शेवटच्या बॅकअपची तारीख व जागा, प्रत्येक अपडेटचा दिवस, ते करणाऱ्याचे नाव आणि आलेली अडचण, एवढे रकाने त्यात पुरेत. खाती व किल्ल्या संस्थेच्या नावे असाव्यात, कोणा व्यक्तीच्या नावे नसाव्यात. ठेका देताना नियमित अपडेट, बॅकअप आणि ठेका संपताना सर्व ताबा परत करणे, या अटी लेखी असाव्यात. बदलीच्या वेळी कपाटाच्या किल्ल्यांबरोबर या नोंदवहीचाही कार्यभार सोपवावा आणि त्यानंतर परवलीचे शब्द बदलावेत. ते शब्द मात्र नोंदवहीत न लिहिता स्वतंत्रपणे, बंदोबस्तात ठेवावेत.

ज्यांना ही निगा राखणे शक्य नाही, अशांनी आपले संकेतस्थळ केंद्रीय व्यवस्थेवर नेण्याचा विचार करावा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘एसथ्रीवास’ ही शासकीय संकेतस्थळांसाठीची सेवा याच हेतूने उभारलेली असून अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे तिच्यावर चालतात. तेथे प्रणालीची निगा मध्यवर्ती यंत्रणा पाहते, आणि स्थानिक कार्यालयाकडे मजकुराची जबाबदारी राहते.

एकंदरीत, अपडेट अडणे ही आपत्ती नव्हे, आणि न करणे हा उपाय नव्हे. आधी प्रत, मग कृती. एका वेळी एकच बदल. संदेश पुसण्यापूर्वी वाचणे. आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद, ही चार पथ्ये पाळली तर विशेष तांत्रिक शिक्षण नसलेला शिक्षक किंवा ग्रामसेवकही आपले संकेतस्थळ निर्धास्तपणे सांभाळू शकेल. विहिरीचा गाळ दरवर्षी उपसला, तर पाणी स्वच्छ राहते. संकेतस्थळाचेही तसेच आहे. त्यावरील माहिती लोकांची आहे, आणि ती लोकांना हवी तेव्हा मिळेल याची काळजी घेणे हा कारभाराचाच एक भाग आहे.